विशेषीकरणाचा रकाना

आज ६ जानेवारी. १८३२ साली याच तारखेला ‘दर्पण’चा पहिला अंक मुंबईत निघाला, म्हणून महाराष्ट्रात हा पत्रकार दिन. तालुक्यातालुक्यांत पत्रकार संघांचे कार्यक्रम होतील, बाळशास्त्री जांभेकरांच्या प्रतिमेला हार घातला जाईल, पालकमंत्री येतील किंवा त्यांचा शुभेच्छा संदेश येईल, आणि लोकशाहीच्या चौथ्या स्तंभाचा उल्लेख किमान चार भाषणांत होईल. त्याबद्दल आमची तक्रार नाही. ज्या ग्रामीण वार्ताहराला एरवी मानधनही वेळेवर मिळत नाही, त्याच्या खांद्यावर वर्षातून एकदा शाल पडली तर कुणाचे काय बिघडले? मात्र या सभागृहांच्या मागच्या रांगांत जी तरुण मंडळी बसलेली असतात, ती बहुधा विद्यापीठांच्या जनसंज्ञापन आणि पत्रकारिता विभागांतून गर्दीसाठी आणलेली असतात, आणि त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. आज त्यांच्याविषयी.

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या या मुलामुलींपुढे येत्या काही महिन्यांत एक अर्ज येईल. त्यात विशेषीकरणाचा रकाना असेल. मुद्रित माध्यम, दूरचित्रवाणी, रेडिओ, डिजिटल, जाहिरात, जनसंपर्क. कुठे यातली दोनच नावे, कुठे सहा. रकाना भरायला मिळतात दोन-चार दिवस. सीनियरला फोन होतो, घरी विचारले जाते, वर्गातली हुशार मुले काय घेत आहेत ते पाहिले जाते, आणि शेवटी ‘प्लेसमेंट कशात आहे’ या प्रश्नावर गाडी येते. ज्याच्यावर पुढची तीस-पस्तीस वर्षे उभी राहायची, तो निर्णय एवढ्यात उरकतो. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्यापुढे ठेवलेला प्रश्नच चुकीचा आहे.

चुकीचा का, हे समजायला हे रकाने आले कुठून ते पाहावे लागेल. आपल्याकडे पत्रकारितेच्या विद्यापीठीय शिक्षणाने १९४१ मध्ये लाहोरला मूळ धरले. महाराष्ट्रात त्याची पहिली ठळक खूण नागपूरची: १९५२ मध्ये रोलंड वूल्स्ली या अमेरिकी प्राध्यापकाने हिस्लॉप महाविद्यालयात पत्रकारितेचा विभाग उभा केला. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत विद्यापीठाचा अभ्यासक्रम साठच्या दशकात आला. तेव्हा पत्रकारिता म्हणजे छापील वर्तमानपत्र, त्यामुळे रकान्याचा प्रश्नच नव्हता. १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झाले, नव्वदीत उपग्रह वाहिन्या आल्या, जाहिरात संस्था फुगल्या, मग मोबाइल आला. प्रत्येक नव्या यंत्राबरोबर विद्यापीठाने माहितीपत्रकात एक ओळ वाढवली. मुंबई विद्यापीठाने नव्वदीच्या अखेरीस बीएमएम (बॅचलर ऑफ मास मीडिया) हा पदवी अभ्यासक्रम काढला, तेव्हा तिसऱ्या वर्षाला दोनच वाटा ठेवल्या, पत्रकारिता किंवा जाहिरात. पुढे पदव्युत्तर पातळीवर जनसंपर्क, दूरचित्रवाणी, इलेक्ट्रॉनिक माध्यमे अशा स्वतंत्र पदव्या झाल्या. पुण्यात सिम्बायोसिसने संवाद व्यवस्थापनाचे एमबीए वेगळे आणि जनसंज्ञापनाचे एम.ए. वेगळे ठेवले. हे सारे विभाजन साधनाचे किंवा पगार देणाऱ्या उद्योगाचे आहे. विद्यार्थी कशाविषयी बोलणार, याला त्यात जागा नाही.

गंमत अशी की ज्या वर्तमानपत्रांसाठी ही मुले घडवायची, त्यांच्या कचेरीत कामाची वाटणी अशी कधीच नव्हती. तिथे बीट असते. एकाकडे महापालिका, एकाकडे गुन्हे, कुणाकडे न्यायालय, कुणाकडे शिक्षण, शेती, आरोग्य. आता त्याच बातमीदाराने बातमी लिहायची, मोबाइलवर चित्रण करायचे आणि संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर दोन मिनिटे बोलायचे, अशी रीत आहे. म्हणजे माध्यमांच्या भिंती कामाच्या जागी पडल्या आणि फक्त अभ्यासक्रमात उरल्या. मुद्रित घेतलेल्या मुलीला पहिल्याच आठवड्यात बूम हातात घ्यावा लागतो. दूरचित्रवाणी घेतलेल्या मुलाला संकेतस्थळाच्या डेस्कवर मथळे लिहायला बसवतात. दोघांनाही ते महिन्या-दोन महिन्यांत जमते. जे महिन्यात जमत नाही, ते वेगळेच असते.

एक उदाहरण पाहा. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाचा निकाल दिला. निकालपत्र पाचशे पानांच्या वर होते. आरक्षण रद्द झाले ही बातमी काही क्षणांत सगळीकडे पोहोचली, आणि ती बरोबरच होती. पण त्या निकालात दुसरी एक गोष्ट होती. १०२ व्या घटनादुरुस्तीनंतर सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे उरला की नाही, या प्रश्नावर पाच न्यायमूर्तींत तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली, आणि बहुमताने तो अधिकार राज्यांकडे राहिलेला नाही असा अर्थ लावला. हा परिणाम एका जातीपुरता नव्हता, देशातल्या प्रत्येक राज्याला लागू होणारा होता. तो इतका मोठा होता की संसदेला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १०५ वी घटनादुरुस्ती करून हा अधिकार राज्यांना परत द्यावा लागला. त्या दुपारी मराठी वाहिन्यांवर आणि संकेतस्थळांवर हा भाग नीट समजावून सांगू शकणारे किती जण होते, हे ज्यांनी ते प्रक्षेपण पाहिले त्यांनी आठवून पाहावे. कॅमेरे होते, बाइट होत्या, धावत्या पट्ट्या होत्या. निकालपत्र वाचता येणारा माणूस दुर्मीळ होता.

तो माणूस खरे तर विभागातच बसलेला असतो. पत्रकारितेच्या एम.ए.ला कोणत्याही शाखेचा पदवीधर येऊ शकतो, हे या अभ्यासक्रमाचे सर्वांत मोठे भांडवल. कुठल्याही सरकारी विद्यापीठाच्या वर्गात जा: बी.एस्सी. अॅग्री झालेला मुलगा, बी.फार्म. करून कंटाळलेली मुलगी, एलएल.बी. अर्धवट किंवा पूर्ण केलेला कोणी, मराठी वाङ्मयाचे, राज्यशास्त्राचे, अभियांत्रिकीचे विद्यार्थी एकाच बाकावर सापडतील. दाखल होताच हे सारे आपली मागची पदवी पुसून टाकतात. वाट चुकून तिकडे गेलो होतो आणि आता योग्य ठिकाणी आलो, अशी समजूत करून घेतात. विभागही त्यांना तसेच वागवतो. बातमीचे पाच ‘क’कार सगळ्यांना सारखे, कॅमेऱ्याचे कोन सगळ्यांना सारखे.

आमचे म्हणणे एवढेच आहे की या मुलांचे विशेषीकरण आधीच झालेले असते, आणि विभागाच्या पत्रकात शोधण्याऐवजी त्यांनी ते आपल्या मागच्या गुणपत्रिकेत शोधावे. मृदाशास्त्र आणि कृषी अर्थशास्त्र शिकून आलेल्या मुलाने जाहिरातीचे चार पेपर निवडले तर तो जाहिरातीतल्या हजारांतला एक होईल. त्याने शेतीच धरून ठेवली, तर डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यातीवर बंदी घातली तेव्हा लासलगावच्या बाजार समितीत काय झाले, हे आंदोलनाच्या छायाचित्रापलीकडे जाऊन सांगू शकणाऱ्या मोजक्यांत तो असेल. औषधनिर्माणशास्त्राच्या मुलीला आवश्यक औषधांची राष्ट्रीय यादी म्हणजे काय, जेनेरिक आणि ब्रँडेड गोळीच्या किमतीत फरक का पडतो, हे ठाऊक असते. मराठीत हे लिहू शकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. आणि ती मुलगी काय निवडते? डिजिटल. कारण भविष्य तिकडे आहे, असे तिला कोणीतरी सांगितलेले असते.

ज्यांच्या प्रतिमेला आज हार घालायचा, त्यांच्याकडे या दृष्टीने पाहायला हरकत नाही. ‘दर्पण’ काढले तेव्हा जांभेकर विशीत होते. पुढे एल्फिन्स्टनमध्ये त्यांनी गणित शिकवले, कुलाब्याच्या वेधशाळेचे काम पाहिले, ताम्रपट वाचले, ज्ञानेश्वरीची छापील आवृत्ती सिद्ध केली. ‘दर्पण’ १८४० मध्ये बंद पडले, त्याच वर्षी त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केले आणि त्यात भूगोल, विज्ञान, इतिहास मराठीत आणला. नियतकालिक बदलले, जे सांगायचे ते त्यांच्यापाशी होतेच. ‘दर्पण’नंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९२७ मध्ये, र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढले. तेही गणिताचेच प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ मध्ये एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि अंक १९५३ पर्यंत, कर्व्यांच्या मृत्यूपर्यंत, निघत राहिला. आजच्या पत्रकाच्या भाषेत हे आरोग्य संवादाचे विशेषीकरण. (दोघेही गणिताचे, याचा अर्थ काढण्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही, संख्याशास्त्राच्या पेपरला घाबरणाऱ्यांनी नोंद घ्यावी, इतकेच.) हे वाचून कोणी म्हणेल, मग पदवी हवी कशाला? तसे नाही. १९३२ मध्ये ‘सकाळ’ काढणारे ना. भि. परुळेकर कोलंबिया विद्यापीठात शिकून आले होते, आणि गावोगावी बातमीदार नेमण्याची शिस्त त्यांनी मराठीत रुजवली. पद्धत शिकता येते आणि ती शिकवण्यासाठीच विद्यापीठ आहे. दोन वर्षांत तेच मागून घ्यावे.

एक अपवाद मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. चित्रण, ध्वनी आणि संकलन या खऱ्या कारागिऱ्या आहेत. त्यांना वर्षे द्यावी लागतात, आणि तिथे माध्यम हाच विषय असतो. ज्याला तेच करायचे आहे त्याने पुण्यातच, प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात १९६० पासून चालू असलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा द्यावी. ती अवघड आहे, जागा थोड्या आहेत. पण एम.ए.च्या चार पेपरांत आणि तीस जणांत एक कॅमेरा अशा हिशेबात छायालेखक तयार होतो, या भ्रमात कोणी राहू नये.

आता पैशाचे बोलू, कारण ते टाळून केलेला उपदेश मुलांना लगेच ओळखू येतो. जनसंपर्क, ब्रँड, कॉर्पोरेट संवाद या वाटा भरून वाहतात, याचे कारण त्यांत पगार आहे. जिल्ह्याच्या दैनिकात बातमीदार म्हणून लागणाऱ्याला जे मिळते, त्यात शहरात खोलीचे भाडे आणि मेस भागवून गावी काही पाठवणे कठीण. खासगी संस्थेची लाखांच्या घरातली फी कर्ज काढून भरलेल्या मुलाला ‘पत्रकारिता हे व्रत आहे’ असे सांगायला जाणाऱ्याने आधी त्याचा हप्ता भरावा. वारा कुठून वाहतो हे संस्थांनाही कळते. दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेची स्थापना १९६५ ची. पिढ्यान्‌पिढ्या बातमीदार तिथून निघाले, अमरावतीच्या शाखेत तर मराठी पत्रकारितेची पदविकाही आहे. २०२४ मध्ये ही संस्था अभिमत विद्यापीठ झाली आणि तिने पहिले एम.ए. जाहीर केले, ते माध्यम व्यवसाय आणि धोरणात्मक संवाद या विषयांचे. पत्रकारितेचा क्रमांक लागला नाही. यात पाप काही नाही. जनसंपर्क हा प्रामाणिक पेशा आहे, राज्याच्या माहिती खात्यातही त्याच पदवीवर माणसे घेतली जातात, आणि साथीच्या काळात खरी माहिती वेळेवर देणारा माहिती अधिकारी दहा संपादकीयांहून उपयोगी पडतो. पण तिथेही विषयाचा नियम सुटत नाही. रुग्णालयाचा, वीज कंपनीचा किंवा सहकारी बँकेचा संवाद सांभाळायचा तर रुग्णालय, वीज आणि बँक कळली पाहिजे. नाहीतर निवेदनाच्या मथळ्यावरचे बोधचिन्ह तेवढे बदलत राहते.

आणि ज्याला विकास संवाद म्हणतात, त्या विषयाकडे तर आपण पाठच फिरवली आहे. पत्रकात तो असतो, घेणारे नसतात, आणि शिकवणारे बहुधा परदेशी पुस्तकांतले सिद्धांत फळ्यावर उतरवून मोकळे होतात. वास्तविक त्याचा एक जगप्रसिद्ध प्रयोग आपल्या अंगणात झाला. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने आसपासच्या पाच जिल्ह्यांतील दीडशेच्या सुमारास गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे उभी केली. आठवड्यातून दोनदा गावातली वीसेक माणसे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत, आपल्या गावात काय करायचे ते ठरवत, आणि शंका लिहून केंद्राला पाठवत. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे येत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूरथ यांच्या मार्गदर्शनाखाली त्याचे मूल्यमापन केले. मंडळे असलेली गावे आणि नसलेली गावे यांची तुलना केली, कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना काय माहीत होते ते तपासले. मंडळांच्या गावांतली माहिती स्पष्टपणे वाढलेली आढळली. युनेस्कोने १९५९ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध केला आणि पुढे भारतभर अशी मंडळे निघाली. आता आजच्या अर्जातल्या कोणत्या रकान्यात हे बसवाल? रेडिओ म्हणाल तर अर्धे काम चर्चेचे होते. शेती म्हणाल तर मूल्यमापन समाजशास्त्राचे होते.

ही परंपरा संपलेलीही नाही, फक्त आपल्या विभागांच्या नजरेबाहेर गेली आहे. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला २००८ पासून ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र दुष्काळी भागातल्या बायाबापड्यांच्या बोलीत चालते. शेतीचे रोजचे वर्तमानपत्र चालेल का, अशी शंका घेणाऱ्यांना ‘अॅग्रोवन’ने २००५ पासून रोज उत्तर दिले आहे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांत विस्तार शिक्षण नावाचा विषय पदव्युत्तर पातळीपर्यंत शिकवला जातो. नवे बियाणे शेतकऱ्यापर्यंत कसे पोहोचते, तो ते केव्हा स्वीकारतो आणि केव्हा नाकारतो, याचा तो अभ्यास. म्हणजे संवादशास्त्रच. पण विस्तार शिक्षणाच्या विद्यार्थ्याला बातमी लिहिता येत नाही, पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला खोडकिडा आणि बोंडअळी यांतला फरक कळत नाही, आणि दोन्ही विभागांचे प्रमुख एकमेकांना ओळखतही नाहीत.

नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा २०२३-२४ पासून राज्यातल्या पदव्युत्तर वर्गांना लागू झाला. त्याच्यावर टीका करण्यासारखे बरेच आहे. पहिल्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय अनेकांच्या बाबतीत गळतीचे सभ्य नाव ठरेल, ही भीती आहेच. पण त्यात दोन गोष्टी विद्यार्थ्याच्या हातात आल्या आहेत आणि रकान्यात काहीही लिहिले तरी त्या त्याच्याच राहतात. एक ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण. दुसरा संशोधन प्रकल्प. आज बहुतेकांची ओजेटी ओळखीच्या वाहिनीत चहा पिऊन आणि प्रमाणपत्र घेऊन संपते. प्रकल्पांचे म्हणाल तर विभागाच्या ग्रंथालयातले कपाट उघडून पाहावे: ‘अमुक दैनिकातील तमुक विषयाच्या बातम्यांचे आशय विश्लेषण’, अशा बांधीव प्रतींची रांग. स्तंभ सेंटिमीटर मोजून मोजून मुलांनी पट्ट्या झिजवल्या, पण त्या तमुक विषयाबद्दल स्वतः बाहेर जाऊन चार माणसांना विचारल्याचे क्वचितच दिसते.

हे दोन्ही एकाच विषयावर लावता येतात. आरोग्य निवडलेल्या मुलीने ओजेटी वाहिनीऐवजी जिल्हा आरोग्य कार्यालयाच्या माहिती-शिक्षण विभागात करावी, आशा सेविकांबरोबर फिरावे, आणि प्रकल्प त्याच तालुक्यातल्या लसीकरणावर किंवा सर्पदंशावर लिहावा. न्यायालय निवडणाऱ्याने सहा आठवडे जिल्हा न्यायालयात रोजनामा वाचत काढावेत. मग गुणपत्रिकेवर ‘मुद्रित माध्यम’ छापलेले असले तरी मुलाखतीला बसल्यावर तीन पानी निकालाचा गोषवारा तासाभरात लिहून दाखवता येईल. संपादक ते पाहतात. गुणपत्रिकेतला तो शब्द कोणी पाहत नाही.

विभागांची अडचण आम्हाला माहीत आहे. मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी आहेत, बरेचसे तास तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चालतात, आणि जो विषय शिकवायला माणूस मिळतो तेच त्या वर्षीचे विशेषीकरण ठरते. पदे भरणे हे सरकारचे काम आहे आणि आज व्यासपीठावर बसणाऱ्या मंत्र्यांनी चौथ्या स्तंभाबरोबर त्याचाही उल्लेख करावा. परंतु विषयाचा पेपर सुरू करायला नवे पद लागत नाही. शेजारच्या विधी महाविद्यालयात निकालपत्र वाचायला शिकवणारे आहेत, वैद्यकीय महाविद्यालयांत सामुदायिक आरोग्याचे विभाग आहेत, कृषी विद्यापीठात विस्तार शिक्षण आहे, आणि नव्या आराखड्यात श्रेयांक एका संस्थेतून दुसरीकडे नेण्याची मुभाही आहे. विभागप्रमुखांना आमची विनंती आहे की जूनचे माहितीपत्रक छापायला टाकण्याआधी यांपैकी एका तरी दारावर जाऊन एका पेपराची व्यवस्था करावी, आणि अर्जात माध्यमाच्या रकान्याआधी ‘तुमची पदवी कोणत्या विषयाची, आणि त्यातले काय तुम्हाला मराठीत सांगायचे आहे’ असा प्रश्न छापावा. आणि विद्यार्थ्यांनो, तो प्रश्न छापलेला नसला तरी सही करण्यापूर्वी त्याचे उत्तर कोऱ्या कागदावर लिहून पाहा. उत्तर सुचत नसेल, तर अर्ज शेवटच्या तारखेपर्यंत हातात ठेवायला काही हरकत नाही.